गोणीतली माती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी गोणीविषयी बोलणार आहे. हो, गोणीविषयीच. खताची, साखरेची, तांदळाची. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली ती पांढरी गोणी. आपल्याकडे ती रिकामी झाली तरी वाया जात नाही. पावसाळ्यात डोक्यावर तिची खोळ होते, उन्हाळ्यात दारात पायपुसणं होतं, चार गोण्या उसवून शिवल्या की खळ्यावर अंथरायला ताडपत्री होते. नदीला पूर आला की वाळू भरून तीच काठावर रचतात, आणि सरहद्दीवरचा जवान तिच्याच आडोशाला उभा राहतो. जी पुराचं पाणी अडवते आणि बंदुकीची गोळीही अडवते, तिची घराला भिंत का करू नये, हा प्रश्न कुणाला तरी पडायलाच हवा होता. तो पडला, आणि ज्यांना पडला त्यांच्यातल्या एकाविषयी मी आज तुम्हाला सांगणार आहे.

त्याचं नाव नादिर खलिली. जन्म १९३६, तेहरान. धंद्याने वास्तुविशारद. माझी आणि त्याची ओळख झाली ती मात्र घरांमुळे नव्हे, रूमीमुळे. मौलाना जलालुद्दीन रूमीच्या फारसी कवितांचे इंग्रजी अनुवाद मी शोधत होतो, त्यात हे नाव भेटलं. कवितेचा अनुवाद करणारा हा गृहस्थ गोण्यांत माती भरून घरं बांधतो, हे वाचून आधी हसू आलं. मग त्याचं वाचत गेलो आणि हसू थांबलं. का थांबलं, ते पुढे येईलच.

खलिली इराणात, तुर्कस्तानात आणि अमेरिकेत शिकला. उंच उंच इमारती बांधण्यात नाव कमावलं. तेहरानला कचेरी, लॉस एंजेलिसला कचेरी. सगळं नीट चाललेलं असताना १९७५ साली त्याने कामधंदा आवरला, एक मोटारसायकल घेतली आणि इराणच्या वाळवंटी मुलखात हिंडायला निघाला. पाच वर्षं हिंडला. या भटकंतीवर त्याने लिहिलेलं पुस्तक १९८३ साली निघालं, त्याचं नाव 'रेसिंग अलोन', म्हणजे एकट्याचीच शर्यत. नाव समर्पक आहे, कारण त्या दिवसांत सगळे सिमेंट-लोखंडाकडे धावत होते आणि हा एकटा उलटीकडे.

त्या खेड्यांत त्याने पाहिलं काय? झाडं नाहीत, त्यामुळे तुळई नाही. लोखंड परवडत नाही. आहे ती फक्त माती. मातीच्या भिंती आणि वरही मातीच्याच विटांची कमान किंवा घुमट. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. पण भूकंप आला की सगळं गाव खाली. आणि त्या पडझडीत कुंभाराची जुनी भट्टी मात्र उभी! माती तीच, आकारही घुमटाचाच. मग फरक कशाचा, तर भट्टी आतून भाजलेली. खलिलीने मनाशी म्हटलं, घरच भाजून काढलं तर? आणि त्याने खरोखरीच मातीची घरं आतून आग पेटवून भाजली. मडकं भाजावं तसं. या पद्धतीला त्याने नाव दिलं 'गेलताफ्तन'. फारसीत 'गेल' किंवा 'गिल' म्हणजे माती आणि 'ताफ्तन' म्हणजे तापवणं.

इथे थोडा आडरस्त्याला जातो, कवी असल्याचा एवढा फायदा घेऊ द्या. हा 'गिल' आपल्या घरात रोज आहे. भिंतीला आपण 'गिलावा' करतो ना, तो गिलावा म्हणजे गिल आणि आब, माती आणि पाणी. आज त्यात सिमेंट असतं तो भाग वेगळा, शब्दात मात्र अजून मातीच आहे. बुरूज, दिवाल, दरवाजा, हौद हे सगळे शब्द त्याच वाटेने मराठीत येऊन इथलेच झाले. माझे आजोबा गवंडी होते. गिलाव्याचा गारा कालवताना त्यात गव्हाचं काड टाकून तो चार-चार दिवस मुरत ठेवायचे आणि रोज पायाने तुडवायचे. 'गारा मुरला नाही तर भिंत रुसते,' असं म्हणायचे. गिल हा शब्द कुठला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण गिलाव्याची नस त्यांना बरोबर माहीत होती.

घर भाजण्याला इंधन फार लागतं. ही पद्धत सगळीकडे जाणार नाही हे उघड होतं. दुसरी वाट सापडली ती चक्क चंद्रावरून. १९८४ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेशी निगडित एका परिसंवादात चंद्रावरच्या वस्तीचा विचार चालला होता. चंद्रावर विटा-सिमेंट कोण नेणार? खलिलीने तिथे कल्पना मांडली की, पृथ्वीवरून रिकाम्या लांब पिशव्या न्या, तिथलीच धूळ त्यांत भरा आणि थरावर थर रचा. थर एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून मध्ये चपलेच्या पट्ट्याला असतं तसलं चिकटणारं कापड लावा. चंद्रावर अजून कुणी तसं घर बांधलेलं नाही. पण परत जमिनीवर आल्यावर त्या चिकट कापडाच्या जागी खलिलीने शेताच्या कुंपणाला लावतो ती काटेरी तार घातली, आणि काम झालं.

वाळूची गोणी आणि काटेरी तार. दोन्ही युद्धातही वापरलं जाणारं सामान. त्यातून निवारा उभा राहतो, याचं खलिलीला फार अप्रूप होतं आणि तो ते वारंवार बोलून दाखवायचा. मला स्वतःला या योगायोगापेक्षा त्यातली बांधणी जास्त महत्त्वाची वाटते. ती आता जरा सावकाश सांगतो. आपल्या श्रोत्यांत गवंडीकाम जाणणारे पुष्कळ असतील, त्यांनी कान द्यावा.

आधी पाया फूट-दोन फूट खणायचा. तळाच्या थरांत माती नाही, खडी भरलेल्या गोण्या, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. त्यावर मातीच्या गोण्या. माती सुकी नको आणि चिखलही नको; मूठभर घेऊन आवळली तर लाडू व्हावा आणि तो लाडू खाली टाकला तर फुटावा, इतपतच ओल. माती बरी नसेल तर थोडा चुना किंवा सिमेंट, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. गोणी दुसरीकडे भरून उचलून आणायची नाही, जागेवर ठेवूनच भरायची. खलिलीने तर सुट्या गोण्यांऐवजी लांबच लांब, अजगरासारखी नळीच वापरली. डबे हातोहात द्यायचे. घमेलं ज्याला पेलत नाही, त्याला डबा पेलतो. म्हातारं माणूस आणि शाळेतलं पोरही या कामात उभं राहू शकतं, असा त्यामागचा विचार.

थर पुरा झाला की धुमस. वरून ठोकून ठोकून गोणी चपटी आणि दगडासारखी घट्ट करायची. मग तिच्यावर काटेरी तारेचे दोन पदर अंथरायचे आणि पुढचा थर, वीटकामात करतो तसा सांधा मोडून. तारेचे काटे खालच्या गोणीतही रुततात आणि वरच्याही. भिंत साधारण सव्वा फूट जाड होते. खोली गोल असेल आणि घुमट करायचा असेल तर मध्यभागी खुंट रोवून त्याला साखळी बांधायची. साखळीच्या मापाने प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यापेक्षा किंचित आत घ्यायचा, तो वर जाऊन मिटेपर्यंत. लाकडाचा साचा नको, तुळई नको, सळई नको. दारं-खिडक्या कमानीच्या. आणि भिंत उभी राहिली की लगेच गिलावा. कारण हे प्लॅस्टिक पावसाला दाद देत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही. उघडी राहिलेली गोणी काही महिन्यांतच उन्हाने कुजून तिचे धागे सुटतात.

आता मुख्य गोष्ट. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. तिच्यावर वजन ठेवा, शंभर वर्षं धरून ठेवील. पण तिला बाजूने ओढा, हलवा, की ती फाटते. भूकंप नेमकं तेच करतो, बाजूने हलवतो. गोणीचं कापड आणि काटेरी तार त्या ओढीला धरून ठेवतात. मातीत जे नव्हतं तेवढंच बाहेरून दिलं. न्यायाने सांगायचं तर या विचाराचा मान एकट्या खलिलीचा नाही. जर्मनीतल्या कासेल विद्यापीठात गेर्नोट मिंके यांनी सत्तरच्या दशकातच मातीने भरलेल्या पिशव्यांवर प्रयोग केले होते, आणि ग्वाटेमालात १९७६ साली मोठा भूकंप झाल्यावर १९७८मध्ये तिथे कापडी नळ्या आणि बांबू वापरून नमुन्याचं घर उभं केलं होतं.

आता माझं हसू का थांबलं ते सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटेचे चार वाजायला आले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं गणपती बोळवून झोपलेली. किल्लारीचा तो भूकंप रिश्टरच्या मापाने जगातला फार मोठा भूकंप नव्हता. सहाच्या थोडा वर. तरी आठ ते दहा हजारांच्या घरात माणसं गेली. मी तेव्हा नुकता बी.ए. झालो होतो. तालुक्याच्या गावातून आम्ही पोरं टेम्पोत भाकरी घालून गेलो. भाकरी वाटायला गेलो आणि दगड उचलत राहिलो.

आमच्याकडे 'माती' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. अंत्यविधीला माती म्हणतात. 'आज अमक्याची माती आहे,' असा निरोप येतो. जाळणाऱ्यांतही तोच शब्द आणि पुरणाऱ्यांतही तोच. त्या आठवड्यात हा एकच शब्द सगळीकडे ऐकू येत होता, आणि त्याचे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले होते. घराच्या मातीने माणसाची माती केली.

पुढे इंजिनिअर लोकांनी पाहणी केली तेव्हा कारण पुरेसं स्पष्ट झालं. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या, पण आतून दोन वेगळ्या भिंती. बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मध्ये चिपा आणि माती. भिंतीच्या आरपार जाणारे, दोन्ही बाजू बांधून ठेवणारे दगड नाहीत. वर माळवद. किलचणावर मातीचे थर, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी गळतं म्हणून आणखी एक पाटी, आणखी एक पाटी. बापाने टाकलेली माती, आजाने टाकलेली माती. फूट-दीड फूट जाडीचं ते ओझं भिंती फाटताच झोपलेल्यांवर आलं. म्हणजे मारलं ते सैल बांधणीने आणि डोक्यावरच्या वजनाने. पण नाव झालं मातीचं.

आणि ते होणारच. ज्याचं माणूस गेलं, त्याला भिंतीत आरपार दगड नव्हता असं सांगून काय उपयोग? बावन्न गावं उठून नव्या जागी बसली. ज्यांची घरं उभी होती, त्यांनीही माळवदं उतरवून पत्रे टाकले. आमच्या अब्बांनी टाकले. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नसे. हाताला पितळी तांब्या चटका द्यायचा. मी एकदा तक्रार केली तेव्हा अम्मी म्हणाली, "पत्रा तपता तो तपने दे बेटा, गिरा तो मरते तो नई."

या वाक्यापुढे मातीची थोरवी सांगणाऱ्या कुठल्याही पुस्तकाची पानं मला उलटवत नाहीत. शहरातली काही मंडळी हल्ली मातीच्या घरांचं फार कौतुक करतात. रिसॉर्टमध्ये मातीच्या भिंतीची खोली, तिचं एका रात्रीचं भाडं खेड्यातल्या मजुराच्या महिन्याच्या कमाईइतकं. ते कौतुक खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी मातीच्या घरात जन्म काढला आणि मातीखालून माणसं काढली, त्यांना 'तुम्ही मातीकडे परत या' असं सांगायचं असेल, तर आधी अम्मीच्या वाक्याचं उत्तर द्यावं लागेल. घर तापू नये, आणि पडलं तर मारू नये. दोन्ही पाहिजे. खलिलीची गोणी हे उत्तर देऊ पाहते, म्हणून मी थांबलो.

उत्तर कितपत खरं? कॅलिफोर्नियात हेस्पेरिया नावाचं वाळवंटी गाव आहे. तिथे खलिलीने १९९१मध्ये आपली 'कॅल-अर्थ' ही संस्था काढली. हा मुलूख सान आंद्रेआस या कुप्रसिद्ध भूकंपरेषेच्या जवळचा, त्यामुळे तिथले बांधकामाचे नियम अतिशय कडक. गोणीचं घर म्हटल्यावर परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी मान हलवली. मग चाचण्या ठरल्या. घुमटांना दोर लावून बाजूने ओढलं, नियमात सांगितलं होतं त्याहून जास्त ओढलं. घुमट जागचे हलले नाहीत, चाचणीची यंत्रसामग्रीच आधी कुरकुरू लागली. परवानगी मिळाली.

पण अमेरिकेच्या वाळवंटातलं संस्थेचं घर वेगळं आणि ज्याला दुसरं काहीच नाही त्याचं घर वेगळं. ती परीक्षा १९९५मध्ये इराणातच झाली. १९९१च्या आखाती युद्धानंतर इराकमधून पळून आलेले निर्वासित खुझेस्तान प्रांतात राहत होते. बनीनजार इथल्या छावणीत संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने पंधरा घुमट उभे केले. बांधणारे कोण? स्वतः निर्वासितच. कारागीर नव्हे, साधी माणसं. छावणीत निर्वासिताला तंबू देतात, त्यामागे एक न बोललेला हिशेब असतो: तंबू आज आहे, उद्या गुंडाळता येतो. घर म्हटलं की माणूस राहील, ही सरकारांना भीती. गोणीचं घर या पेचातही बसतं. जायचं ठरलं की गोणी फाडा, माती मातीत.

मग आली २६ डिसेंबर २००३ची पहाट. इराणातलं बम शहर. तिथला मातीचा किल्ला, जगातल्या सर्वांत मोठ्या मातीच्या बांधकामांपैकी एक, काही क्षणांत ढासळला. सव्वीस हजारांहून जास्त माणसं गेली. किल्लारीसारखीच पहाट, तशीच झोपेतली माणसं. मातीवर पुन्हा तोच आरोप आला, या वेळी खलिलीच्या स्वतःच्या देशात. आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००४मध्ये, त्याच्या गोणी-निवाऱ्यांना वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. समारंभ झाला आपल्या दिल्लीत, हुमायूनच्या मकबऱ्यात. एवढ्या मोठ्या संगमरवरी घुमटाखाली गोणीच्या घुमटाचा सत्कार! २००८च्या मार्चमध्ये खलिली वारला. आपल्या पद्धतीचं पेटंट त्याने १९९९मध्ये घेतलं होतं, पण गरजू माणसाने स्वतःचं घर बांधावं यावर त्याने कधी कुलूप लावलं नाही.

यानंतरची मोठी परीक्षा आपल्या शेजारी झाली. २५ एप्रिल २०१५, नेपाळ. ७.८चा भूकंप, सुमारे नऊ हजार मृत्यू. पडलेली बहुतेक घरं दगड-मातीची, म्हणजे थेट आपल्या किल्लारीसारखी. त्या भूकंपाआधी नेपाळच्या डोंगरात काही शाळा, काही घरं गोणी-मातीची बांधलेली होती. आजूबाजूची गावं बसली आणि ती उभी राहिली. कुठे गिलाव्याला तडे गेले, एवढंच. २०१७मध्ये तिथल्या सरकारने पुनर्बांधणीसाठी नमुना-घरांच्या आराखड्यांचं जे पुस्तक काढलं, त्यात गोणी-मातीच्या घरालाही जागा मिळाली.

नेपाळच्या या घरांत एक बदल लक्षात घेण्यासारखा आहे. ती घुमटाची नाहीत. सरळ भिंती, ठरावीक अंतरावर भिंतीला टेकू, वर चारही बाजूंनी बांधून घेणारा काँक्रीटचा पट्टा आणि त्यावर हलका पत्रा. मला हा नमुना आपल्यासाठी घुमटापेक्षा बरा वाटतो. हेस्पेरियाच्या वाळवंटात पाऊस पडतो नावाला. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, चार महिने धार थांबत नाही. घुमटाला पागोळी नसते, सगळं पाणी भिंतीवरूनच वाहतं. जिथे पाऊस आहे तिथे छप्पर पुढे आलेलंच हवं. शिवाय चौकोनी खोलीत कपाट बसतं, खाट बसते. (गोल खोलीत बाज कुठे टाकायची, हा प्रश्न वास्तुविशारदाला पडत नसला तरी घरच्या बाईला पहिल्या दिवशी पडतो.) कच्छच्या बन्नी भागातले गोल भुंगे २००१च्या भूकंपात बऱ्याच अंशी तगले, हे खरं आहे, पण त्यांचं छप्पर गवताचं, हलकं आहे, हे विसरू नये.

मातीचं काय? इथे आपल्या जुन्या लोकांनी निम्मं काम करून ठेवलंय. गावाची 'काळी' आणि गावाची 'पांढरी' असं आपण म्हणतो. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. हे नुसते रंग नव्हेत. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यात कापूस पिकेल, भिंत टिकणार नाही. मराठवाड्यातल्या गढ्या पाहा, पांढऱ्या मातीचे बुरूज शेकडो पावसाळे खाऊन उभे आहेत, आणि गावकरी अजून त्यांतली माती खणून नेतात. गोणीसाठी मात्र पांढरीही नको. चिकणमाती थोडी कमी असलेला, दाबला की बसणारा मुरूम सगळ्यांत बरा. तो आपल्या माळरानावर कमी नाही.

अडचणी सांगितल्या नाहीत तर माझं भाषण जाहिरात होईल. पहिली अडचण मेहनतीची. पाच मीटर लांब-रुंद अशा एका खोलीचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. सरकारी घरकुलाचं क्षेत्र साधारण एवढंच, पंचवीस चौरस मीटर असतं. भिंतींना सातशे-आठशे गोण्या लागतात, म्हणजे तीस-पस्तीस टन मुरूम. ट्रॅक्टरच्या दहा-बारा ट्रॉल्या. तो सगळा डब्याने भरायचा आणि धुमसाने ठोकायचा. चार बिऱ्हाडांनी एकमेकांच्या घरी राबायचं ठरवलं तर होतं. मजुरी देऊन करून घ्यायचं म्हटलं तर स्वस्ताई बरीचशी मजुरीतच जाते. दुसरी, यात प्लॅस्टिक आहे. गिलाव्याआड ते ऊन न लागता टिकतं, पण ते आहे. याच्या दुसऱ्या पारड्यात सिमेंट ठेवावं लागेल. जगभरात जो कार्बन वायू हवेत सोडला जातो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या कारखान्यांचा. आणि गोणी-माती करतो म्हणून वरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात कंजुषी करू नये. किल्लारीने एवढं तरी शिकवलंय.

सगळ्यांत अवघड अडचण कागदाची. आपल्या सरकारी पाहणीत भिंत मातीची की घर 'कच्चं'. आणि कच्चं घर असणं म्हणजे गरीब असणं. जो माणूस उभ्या आयुष्यात एकदाच घर बांधणार, त्याला ते पक्कंच हवं आहे, आणि त्याची चूक नाही. गंमत अशी की भारतीय मानक संस्थेने मातीची घरं भूकंपाला कशी टिकवावीत याची संहिता काढली ती १९९३ सालीच. किल्लारी ज्या वर्षी पडलं, त्याच वर्षी! सरकारी कपाटात माती पक्की करण्याची रीत होती आणि गावात ती पोचलेली नव्हती. म्हणून मला वाटतं, गोणीचं पहिलं घर गरिबाचं असू नये. ते ग्रामपंचायतीची कचेरी असावं, अंगणवाडी असावी, एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचा बंगला असावा. त्यात साहेब पाच उन्हाळे बसू देत. मग लोक आपणहून विचारायला येतील.

तोवर ज्यांना हात चालवून पाहायचा असेल, त्यांनी घरापासून सुरुवात करू नये. शेतातली अवजारांची खोली, कोंबड्यांचा खुराडा, बसायला कट्टा, असं काही करावं. आणि त्याआधी मातीची परीक्षा. काचेची बरणी घ्या, एक तृतीयांश माती घाला, वर पाणी, चिमूटभर मीठ. झाकण लावून खळाखळा हलवा आणि दिवसभर न हलवता ठेवा. तळाशी वाळू बसेल, तिच्यावर पोयटा, सगळ्यांत वर चिकणमाती. ती चिकणमाती चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असेल आणि बाकी बहुतेक वाळू, तर ती माती कामाची. बरणीत खालपासून वरपर्यंत सगळी काळीच चिकण दिसली तर ती जिथून आणली त्या शेतात परत नेऊन टाका. बरणी लोणच्याची असेल तर मात्र घ्यायच्या आधी घरात विचारा.